गाडीचं पोट

श्रोतेहो, नमस्कार.

१ मे २०१९ची दुपार तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सकाळी महाराष्ट्र दिनाची झेंडावंदनं झाली आणि दुपारी गडचिरोलीहून बातमी आली. कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची यंत्रं आणि गाड्या पेटवून दिल्या होत्या. तिकडे निघालेलं शीघ्र कृती दलाचं पथक जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात सापडलं. १५ पोलीस आणि गाडीचा चालक. सोळांपैकी एकही वाचला नाही. गाडी खासगी होती, साधी, पत्र्याची.

त्यानंतर कितीतरी दिवस पानटपरीपासून टीव्हीपर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता. चिलखती गाडी का नाही दिली? प्रश्न रास्त आहे, मलाही तो अजून सलतो. पण मी आयुष्यभर पोरांना वेल्डिंग शिकवलंय, तेही नगरमध्ये. आमच्या गावात रणगाड्यांचा खडखडाट ऐकतच माणूस मोठा होतो. त्यामुळे माझ्या मनात त्याच्या आधीचा प्रश्न येतो. चिलखती गाडी माणसाला वाचवते, म्हणजे नेमकं काय करते?

जाड लोखंड असलं की झालं, असं आपण धरून चालतो. जाडीला मोल आहेच. रायफलची गोळी अडवायची तर चांगल्या चिलखती पोलादाची बेताची प्लेटही पुरते. पण सुरुंग खालून येतो, आणि तिथे जाडीपेक्षा आकार जास्त कामाला येतो. घरी करून बघा. नळ पूर्ण सोडा आणि खाली एक ताट आडवं धरा. हाताला चांगलाच दाब जाणवतो, पाणी चहूकडे उडतं. आता तेच ताट तिरकं करा. पाणी घरंगळून जातं, हात हलका होतो. सुरुंग म्हणजे जमिनीतून वर सोडलेला असाच नळ, फक्त पाण्याच्या जागी तापलेला वायू, माती आणि दगड. सपाट तळाची गाडी तो सगळा तडाखा अंगावर घेते. तळ होडीसारखा निमुळता असला तर तडाख्याचा मोठा भाग दोन्ही अंगांनी निघून जातो.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला १९७०च्या दशकात हे पहिल्यांदा नीट अमलात आणलं गेलं. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, आणि दक्षिण आफ्रिकेत मातीच्या रस्त्यांवर सुरुंग पेरले जात होते. तिथल्या कारागिरांनी आधी ट्रकमध्ये वाळूची पोती टाकून पाहिली, मग निमुळत्या तळाच्या गाड्या बांधल्या. त्यातली कॅस्पिर सगळ्यात नावाजली. दक्षिण आफ्रिकेच्या पोलीस दलाच्या आणि संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांची सरमिसळ करून ते नाव तयार झालं. हीच गाडी वर्णभेदाच्या काळात काळ्या वस्त्यांमधून फिरायची आणि तिचा आवाज आला की लोक पोरांना घरात ओढायचे. ज्या गाडीने आतल्या माणसाचा जीव वाचवला तिचीच बाहेरच्याला दहशत होती, हेही सांगितलं पाहिजे. पुढे आपल्या सैन्याने काश्मीरसाठी कॅस्पिर घेतल्या, आणि त्याच धर्तीवरच्या गाड्या आपल्या आयुध कारखान्यांत बनू लागल्या. पोलीस या सुरुंगविरोधी गाड्यांना नुसतं 'एमपीव्ही' म्हणतात.

अशी गाडी जवळून बघायची संधी मिळाली तर वरच्या बंदुकीकडे बघत बसू नका. वाका आणि तिचं पोट बघा. गाडी जमिनीपासून बरीच उंच असते, कारण स्फोटाचा जोर अंतरागणिक झपाट्याने उतरतो, वीतभर उंचीसुद्धा कामी येते. चाकं बाहेरच्या अंगाला असतात. ती उडून जावीत अशीच त्यांची जोडणी असते. सुरुंग बहुधा चाकाखाली फुटतो, मग चाक, अॅक्सल, स्प्रिंगचे पाटे सगळं भिरकावलं जातं आणि जाताना स्फोटाचा काही जोर सोबत घेऊन जातं. आणि तळाच्या अगदी मधोमध, जिथे दोन्ही उतार मिळतात तिथे, सांधा आहे का ते बघा. चांगल्या गाडीत शक्यतो एकाच प्लेटला बाक देऊन तळ करतात. चिलखती पोलादाला वेल्डिंगची आच लागली की सांध्याच्या कडेची पट्टी मऊ पडते, आणि स्फोटाला फाटायला तेवढी जागा पुरते. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायचो. फळ्यावर आकृती काढायचो, आणि मग म्हणायचो, तुमचा सांधा कुणाच्या तरी पायाखाली असणार आहे.

आता आत चला. खरी गोष्ट आतच आहे.

समजा तळ फाटला नाही. तरीही गाडीची जमीन डोळ्याची पापणी लवायच्या आत वर उसळते. त्या क्षणी जवानाचे बूट जमिनीला टेकलेले असतील तर आधी टाच फुटते, मग नडगी. आसन जमिनीला बोल्टने पक्कं केलेलं असेल तर तो धक्का सरळ कंबरेच्या मणक्यात जातो. ओरखडासुद्धा नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि माणूस कायमचा खुर्चीला खिळलेला, असं होऊ शकतं. म्हणून चांगल्या गाडीत आसनं जमिनीला लावत नाहीत. ती छताला किंवा भिंतीला टांगलेली असतात, त्यांच्या मागे धक्का पिणारी यंत्रणा असते, आणि पाय ठेवायला जमिनीपासून सुटी पट्टी असते. वर चार-पाच ठिकाणी बांधायचा पट्टा. पट्टा नसेल तर माणूस वर फेकला जातो आणि डोकं छतावर आपटतं. शिरस्त्राण घातलेलं असलं तरी मान मोडते.

आणि सुट्या वस्तू! गोळ्यांचा डबा, पाण्याचा कॅन, वायरलेसचा संच, जॅक. स्फोटाच्या वेळी आतला प्रत्येक सुटा डबा तोफगोळा होतो. सगळं पट्ट्याने आवळून ठेवावं लागतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बंद लोखंडी डब्यात, अंगावर बुलेटप्रूफ जाकीट, वर हे पट्टे. माणसाला वाटतंच की जरा सैल करावं. त्या सैल करण्याला मी बेशिस्त म्हणणार नाही. पण ज्याने गाडी आखली त्याने त्या घामाचाही विचार करायला हवा होता. आत थंडगार हवेची सोय असणं ही चैन नाही, तोही चिलखताचाच भाग आहे.

आता गाडी कुठे हरते तेही ऐका.

जगभर अशा गाड्यांची पारख किलोवर होते. युरोप-अमेरिकेतल्या लष्करी मानकात सुरुंगाच्या ठरावीक पायऱ्या आहेत, चाकाखाली किंवा पोटाखाली ६ किलो, ८ किलो, १० किलो स्फोटक. सर्वांत वरची पायरी १० किलोची. आपल्या जंगलातल्या रस्त्याच्या मोरीखाली, म्हणजे छोट्या पुलाखाली, याच्या कितीतरी पट स्फोटक ठासलेलं सापडलं आहे. ३ सप्टेंबर २००५ला छत्तीसगडमध्ये विजापूर भागात सुरुंगविरोधी गाडीच उडवली गेली आणि २४ जवान गेले. जानेवारी २०१२मध्ये झारखंडच्या गढवा जिल्ह्यात तेच झालं, १३ पोलीस मारले गेले. त्याच वर्षी सीआरपीएफच्या तेव्हाच्या महासंचालकांनी या गाड्यांना चाकांवरच्या शवपेट्या म्हटलं. इतक्या वरच्या अधिकाऱ्याने असं बोलायचं म्हणजे आतून किती तुटलं असेल!

पण त्या शब्दांमुळे गाडीच टाकाऊ ठरली असं मला वाटत नाही. १० किलोसाठी बांधलेली गाडी ५० किलोवर पाठवली, तर दोष पोलादाचा कसा म्हणणार? तिच्या भरवशावर सुरुंग न तपासता रस्ता धरला, तर तो तिला पाठवणाऱ्याचा निर्णय असतो. सुरुंग पेरणाऱ्याला एकच गोष्ट माहीत असावी लागते, गाडी कुठून जाणार. रस्ता एकच असेल, मोरी ठरलेली असेल, तर त्याला घाई नसते. तो महिनोन्महिने वाट बघतो. म्हणून गडचिरोलीत सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकाचे जवान पाठीवर ओझं घेऊन दिवसच्या दिवस पायी फिरतात, जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या. गाडी काढायचीच असेल तर आधी रस्ता मोकळा करणारी तुकडी पुढे चालत जाते, प्रत्येक मोरी वाकून बघते. २७ मार्च २०१२ला धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ सीआरपीएफची बस उडाली आणि १२ जवान गेले. तो रस्ता आजही तिथेच आहे.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही हे अक्कलखाती पैसे टाकूनच कळलं. इराकमध्ये त्यांच्या हम्वी, म्हणजे जीपसारख्या लष्करी गाड्या, रस्त्याकडेच्या बॉम्बनी फाटू लागल्या. डिसेंबर २००४मध्ये कुवेतच्या छावणीत एका सैनिकाने थेट संरक्षणमंत्र्यांना भरसभेत विचारलं, आम्हाला भंगारात लोखंड हुडकून गाड्यांना का ठोकावं लागतं? हा प्रसंग वाचला तेव्हा माझ्या हातातला चहा निवला. मीसुद्धा भंगारातल्या प्लेटा निवडून पोरांना सरावाला दिल्या आहेत. तिथे त्याच प्लेटांवर जिवाचा हवाला होता. शिवाय दाराला प्लेट ठोकून पोट सपाटच राहतं. वजन वाढतं, ब्रेक दमतात, पाटे बसतात. अखेर २००७मध्ये नवे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी निमुळत्या तळाच्या गाड्यांना पहिला मान दिला आणि बघता बघता हजारोंनी गाड्या बनल्या. दक्षिण आफ्रिकेतली तीस वर्षं जुनी विद्या. तीन वर्षं आधी कुणी ऐकलं असतं तर किती घरं उभी राहिली असती, याचा हिशेब कोण करणार?

त्या गाड्या उंच आणि जड, त्यामुळे कालव्याच्या कच्च्या काठावर त्या उलटायच्या, काही जवान बुडून गेले. अफगाणिस्तानच्या डोंगरात त्या चढेनात, म्हणून तिथे वेगळी, आटोपशीर गाडी करावी लागली. एकीकडून झाकायला गेलं की दुसरीकडे उघडं पडतं.

रणगाड्याचं तर विचारूच नका. १९६५मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आले, त्या काळातले भले भले. आपण शेतात पाणी सोडलं, उसात दबा धरला. आपल्या अब्दुल हमीद यांच्याकडे होती उघड्या जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची तोफ. जीपला चिलखत म्हणून काही नव्हतंच. पाकिस्तानकडून पकडलेला एक पॅटन आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात आहे. एप्रिलच्या उन्हात त्याच्या अंगावर तळहात ठेवून बघा, चटका बसतो. एवढं लोखंड, आणि चिखलात रुतून अंग वळवता येईना.

आजच्या रणगाड्यात माझी नजर जाते ती गोळे कुठे ठेवलेत तिकडे. युक्रेनच्या युद्धात टी-७२ रणगाड्यांचे बुरूज हवेत उडालेले तुम्ही पाहिले असतील. त्या जातीच्या रणगाड्यात गोळे बुरुजाखाली, माणसांच्या पायाशी, गोल रचलेले असतात. चिलखत भेदलं गेलं आणि दारू पेटली की आत कुणी उरत नाही. अमेरिकेच्या एब्रम्समध्ये बहुतेक गोळे मागच्या वेगळ्या कप्प्यात, मध्ये पोलादी दार, आणि कप्प्याचं छत मुद्दाम कच्चं. पेटलं तर आग वर निघून जावी म्हणून. इस्रायलने मर्कावा बांधताना इंजिनच पुढे ठेवलं, गोळा आधी इंजिनाला लागावा म्हणून. इंजिन गेलं तर गेलं. सुरुंगविरोधी गाडीचं उडून जाणारं चाक आणि हे इंजिन, दोन्हींमागे एकच विचार आहे आणि मला तो फार मोठा वाटतो. आखणाऱ्याने पहिल्या दिवशीच कबूल केलेलं असतं की ही गाडी एक दिवस मोडणार.

आपल्याकडेही आता तसं काम होतंय. २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुण्याच्या कल्याणी समूहाकडून एम-४ नावाच्या चिलखती गाड्या मागवल्या, सुमारे १७८ कोटींच्या. आमच्या नगरच्या वाहन संशोधन संस्थेने चिलखती चाकगाडी आखली आहे. वृत्तपत्रात फोटो आले की मी भिंगाने आसनं कशी टांगलीत ते बघतो. फोटो काढणारे मात्र नेमकं तेच टिपत नाहीत.

नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवला आहे, नाव फामागुस्ता. १६ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानातल्या शकरगड भागात पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यात होते. पुण्यात जन्मलेला पोरगा, वय २१. रणगाड्याला गोळा लागून आग लागली तेव्हा वायरलेसवर हुकूम आला, रणगाडा सोडा. त्यांनी उत्तर दिलं की माझी तोफ अजून चालू आहे, मी सोडणार नाही. पुढचा गोळा आत शिरला. रणगाड्यात चौघे होते. खेत्रपाल आणि त्यांचा एक साथीदार गेले. त्याच पोलादाच्या आत, हाताच्या अंतरावर बसलेले उरलेले दोघे जिवंत बाहेर आले.