उसनं हाड

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत 'दात्याचं हाड शरीर कसं स्वीकारतं' असा विषय छापलाय. विषय मीच दिला, आणि त्यातल्या 'स्वीकारतं' या शब्दाशीच माझं भांडण आहे. शरीर किडनी स्वीकारतं म्हणा हवं तर. हाड ते जमेल तेवढं खातं, आणि खाता खाता त्या जागी स्वतःचं बांधतं.

आंब्याच्या कलमाचा दाखला मीही रुग्णांना वर्षानुवर्षं दिला. पण कलमाची काडी जिवंत असते. आम्ही बसवतो ते हाड मेलेलं असतं, मुद्दामच मेलेलं घेतो. त्यापेक्षा आपल्या गावभागातला एखादा जुना वाडा आठवा. 2019 च्या पुरानंतर भिंती दुरुस्त करताना टेकू लावून एकेक हात जुनी माती काढायची, नवी वीट भरायची, माणसं आतच राहायची. घर कोसळायची भीती सगळ्यात जास्त कधी? निम्मी भिंत उकरलेली असते तेव्हा. एवढं ध्यानात ठेवा. मी नेमकं तेच विसरलो होतो.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात गाठ. वीतभर हाड काढायचं आणि टिश्यू बँकेतलं, म्हणजे दात्यांची हाडं साठवून ठेवतात तिथलं, हाड प्लेटनं बसवायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या आईनं मला जिन्यात गाठलं. गळ्यात तुळशीची माळ.

"डॉक्टर, ते हाड माळकऱ्याचं हाय का ओ?"

"आजी, दात्याचं नाव आम्हालासुद्धा सांगत नाहीत."

"नाव कशाला पायजे? मटण खात हुता का, तेवढं सांगा."

हसताय, पण मागच्या दोन रांगांतल्या काकू हसत नाहीयेत, त्यांनाही उत्तर हवंय.

ऑपरेशन झकास झालं. दीड वर्षानं एक्स-रे काढला तर बसवलेलं हाड पांढरंशुभ्र, खणखणीत. मी खूश. म्हटलं, काठी सोडा. त्यांनी सोडली, आणि एप्रिल छाटणीला बागेत गेले. सरीत पाय जरासा मुरगळला आणि हाड मधोमध मोडलं. पडले नाहीत हो! आधी कट्कन आवाज आला, मग ते खाली बसले. एक्स-रेतल्या त्या पांढऱ्या रंगानं मला फसवलं. पायावर पूर्ण भार नसला की आजूबाजूचं जिवंत हाड विरळ होतं. मेलेल्या हाडातला चुना तसाच राहतो, म्हणून ते जास्तच पांढरं दिसतं. चूक सर्वस्वी माझी. पुन्हा उघडलं, त्यांच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरला, नवी प्लेट टाकली, जुळलं. फी घेतली नाही. द्राक्षांची पेटी मात्र घेतली, खोटं कशाला बोलू.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय आता पळवतो. 1880 मध्ये स्कॉटलंडचे सर्जन मॅकएवन यांनी एका मुलाच्या दंडात दुसऱ्या रुग्णांच्या नडगीचे तुकडे बसवले, ती सुरस कथा राहिली.

शरीराला खटकतात त्या परक्या पेशी, आणि त्या जास्त करून हाडाच्या मगजात, म्हणजे मज्जेत असतात. पेशीवरची एचएलए प्रथिनं म्हणजे तिचं आधार कार्ड. आपल्या रक्तातल्या पहारेकरी टी पेशी ते तपासतात. हाडातल्या चुन्याबद्दल आणि कोलॅजन या प्रथिनाबद्दल त्यांची फारशी तक्रार नसते. म्हणून मगज धुऊन काढतात, हाड उणे 70-80 अंशांत गोठवतात किंवा गोठवून वाळवतात. जंतूंसाठी 25 किलोग्रे गॅमा किरण. मात्रा वाढवली तर हाड ठिसूळ. एवढं करूनही बऱ्याच जणांच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात. तरी किडनीसारख्या जन्मभराच्या गोळ्या लागत नाहीत, रक्तगटही सहसा जुळवत नाहीत. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या मुलींच्या बाबतीत तेवढं जपतात, पुढच्या बाळंतपणाचा विचार करून.

मग रक्तवाहिन्या आत शिरतात. त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या पेशी येतात, आणि बांधणाऱ्याही. जाळीदार हाडात गवंडी आधी येतो, जुन्या जाळीवरच नवं लिंपतो. नळीच्या कठीण हाडात आधी पोखरतात, भरतात मागाहून. ती उकरलेली भिंत हीच. पहिली दोन-तीन वर्षं म्हणूनच जपायची. आणि मशेरी-तंबाखू बंद! निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, मग जुळणं रेंगाळतं.

खुब्याचा सांधा बदलताना काढलेला हाडाचा गोळा टिश्यू बँकेला देता येतो, पण आपल्याकडे तो बहुधा दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये 1988 पासून टिश्यू बँक आहे, 2011 च्या दुरुस्तीनं अवयवदान कायद्यात ऊतीही आल्या. तरी आमचा पसारा पिशवीतच. यावर वेगळं व्याख्यान द्या मला.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. त्या आजींचं उत्तर तेवढं देतो. आजी, हाडाचा बाहेरचा थर तुमच्या लेकानं भाकरी-आमटीवर नवा बांधलाय. आतला बराचसा भाग अजून त्या दात्याचाच आहे, वर्षानुवर्षं तसाच राहतो. आणि तो मटण खात होता का, ते मला आजही माहीत नाही.