मागून आवाज दे

(पहाट. बोरी नदीचं कोरडं पात्र. वाळूत काढून ठेवलेल्या चपला, पाण्याच्या बाटल्या.)

ही आमच्या अमळनेरची बोरी. उन्हाळ्यात पाणी नसतंच, आणि आम्हाला ते बरंय, पडायला वाळू मिळते. वैशाखात याच पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेवढे दिवस आम्ही ग्राउंडवर जातो, बाकी मार्चपासून रोज पहाटे साडेपाचला आम्ही इथं एकमेकींना पाडत असतो. साडेपाचच, कारण आठ वाजले की असं ऊन चढतं की वाळूला हात टेकवत नाही.

मी 29 वर्षांची. रग्बी खेळायला लागून तीन वर्षं झाली. त्याच्या आधी कबड्डी, शाळेपासून कॉलेजपर्यंत, रेडर होते मी. मग लग्न, मग मुलगी, मग सहा वर्षं काहीच नाही. आणि एक दिवस जुन्या टीममधल्या मैत्रिणीचा फोन, म्हणे धुळ्याला रग्बीची टीम करताहेत, पोरी कमी पडताहेत, कबड्डीवाल्या चालतील, तू ये. मी विचारलं रग्बी म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते का? नाही, ते अमेरिकन फुटबॉल, ते वेगळं. यात हेल्मेट नाही, पॅड नाहीत, दातांना माउथगार्ड आणि अंगावर जर्सी, बस.

आईला जसं समजावलं तसंच तुम्हाला सांगते. आम्ही खेळतो ते सेव्हन्स, 2016 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे ते. सात जणी इकडे, सात जणी तिकडे, कबड्डीसारखंच. सात-सात मिनिटांचे दोन हाफ. चौदा मिनिटं ऐकायला कमी वाटतात, पण बायकांच्या कबड्डीचं मैदान 12 बाय 8 मीटर आणि हे 100 बाय 70, आणि तेवढं सगळं सात जणींनीच सांभाळायचं. पहिल्या मॅचला चौथ्या मिनिटाला माझ्या पायातला जीवच गेला होता. बॉल न सोललेल्या नारळासारखा लांबट, तो समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की 5 पॉइंट, त्याला ट्राय म्हणतात, मग किक बसली तर आणखी 2. आणि मोठा नियम हा, की हातानं बॉल पुढे द्यायचा नाही. बाजूला नाहीतर मागेच.

हे मला कळायला फार वेळ लागला. नियम पहिल्याच दिवशी कळला हो, पण त्याचा अर्थ नाही कळला. कबड्डीत रेडर एकटी जाते, दम धरून, तोंडानं कबड्डी कबड्डी चालू, आणि मागे तिच्या सहा जणी नुसत्या बघत उभ्या. जे करायचं ते तिनंच करायचं आणि परत यायचं. रग्बीत उलटं. बॉल जिच्या हातात ती गप्प पळते, आणि मागून बाकीच्या ओरडतात, मी इथे, म्हणजे आमच्या अहिराणीत मी आठे शे, मी डावीकडे, दे दे दे. कारण पळणारीला मागचं दिसत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर तिच्यासाठी तुम्ही तिथं नाहीच.

आणि मला आवाजच फुटायचा नाही. कोच सारखे ओरडायचे, मागून आवाज दे, आवाज दे! घरी मला कुणी कधी हळू बोल असं म्हणलेलं नाही, पण सहा वर्षांत तशी सवयच लागून गेली होती. उघड्या मैदानात पुलावरून माणसं बघताहेत, आणि त्यात मी मोठ्यानं ओरडायचं, मला टॅकलपेक्षा, म्हणजे पळणारीला धरून पाडण्यापेक्षा, त्याची जास्त भीती वाटायची, खरंच सांगते.

(टॅकलचा सराव. वाळूत पडणारी अंगं.)

टॅकलची भीती लवकर गेली कारण ती शिकवता येते. आधी पाय तिच्या जवळ न्यायचा, मग खांदा, डोकं तिच्या मागच्या बाजूला, पुढे गेलं तर तिचा गुडघा बसतो. गाल तिच्या कुल्ल्याला चिकटला पाहिजे, हातांनी मांड्या आवळायच्या आणि आपले पाय चालूच ठेवायचे. खांद्याच्या वर हात गेला की पेनल्टी, जोरात गेला तर कार्ड. अवघड गेलं ते दुसरंच. कबड्डीत एकदा धरलं की सोडायचं नसतं, आणि इथं ती खाली पडली की लगेच सोडायचं, तिनं बॉल सोडायचा आणि मी तिला सोडून बाजूला व्हायचं. ही धरून ठेवायची सवय मोडायला मला वर्ष गेलं, किती पेनल्ट्या माझ्यामुळं गेल्या.

पहिल्या पावसाळ्यात जर्सीत बोट अडकून निखळलं. महिनाभर कळण्याची भाकरी थापता येईना, ती सासूबाईंनी थापली. त्या पहिल्यांदा मॅच बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, माय वं, हाऊ काय खेय शे का मारामारी? आणि घरी आल्यावर मात्र हळूच, तुले लागनं ते नई ना?

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. एका स्पर्धेत आमच्या एका पोरीच्या डोक्याला लागलं, ती कुठल्या बाजूला पळायचं ते विसरली, आणि तरी तिला खेळू दिलं, आम्हीसुद्धा दिलं, कारण बदली खेळाडू नव्हती. नियम साफ आहे, डोक्याची नुसती शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. आता आम्ही सहा जणींनी खेळू, पण तसं पुन्हा करणार नाही.

बरं, हा खेळ आपल्याकडं नवीन नाही. 1872 ला कलकत्त्यात मॅच झालेली आहे, तिथला क्लब बंद पडला तेव्हा त्यांच्या बँकेतले चांदीचे रुपये वितळवून कप केला, इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्याच कलकत्ता कपसाठी खेळतात. पण पंधरा-पंधरा जणींच्या मोठ्या रग्बीत भारताची बायकांची टीम पहिल्यांदा उतरली ती 2018 ला, कॅप्टन आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा. पुढच्याच वर्षी सिंगापूरला 21-19 हरवलं, पहिला विजय! तो स्कोअर मी सरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

(सराव. नव्या पोरी.)

आता आमच्यात पारोळ्याकडची एक सोळा वर्षांची पोरगी आलीये. पळते अशी की बघत राहावं. पण तोंडातून शब्द नाही. तीन आठवडे मी तिला ओरडले नाही, कोचनाही म्हणलं थांबा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन दिवस घरी जाऊन आली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बॉल घेऊन पळतेय, समोर दोन जणी, आता धरणारच मला, आणि मागून, अगदी कानाजवळ,

अक्का, मी आठे शे! मी आठे शे!

मी न बघताच बॉल मागे सोडला.