सहा सिग्मा, पाच सिग्मा

नमस्कार, श्रोतेहो.

एक्सेलमध्ये हिशेब करणाऱ्यांना ते बटण पाठ असतं. ते दाबलं की वरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज खाली हजर! त्या बटणावरचं वाकडंतिकडं चिन्ह म्हणजे ग्रीक भाषेतलं मोठं सिग्मा. गणितज्ञ ऑयलर यांनी १७५५ साली बेरजेसाठी ते वापरलं आणि आजही ते तिथंच आहे.

गंमत आहे ती धाकट्या सिग्माची. शून्याच्या डोक्यावर उजवीकडे शेंडी ओढावी, तसं हे अक्षर. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला ते दिसलं की सळईवरचा ताण आठवतो, रसायनवाल्याला दोन अणूंमधला बंध. जीवाणूंच्या पेशीत जनुक नेमकं कुठून वाचायला घ्यायचं हे ठरवणारं प्रथिनही सिग्माच. शाळेतली पोरं हल्ली एकमेकांना ‘सिग्मा’ म्हणतात, पण त्यांच्या वाटेला मी जात नाही.

मला बोलायचंय ते संख्याशास्त्रातल्या सिग्माबद्दल. कार्ल पिअर्सन यांनी १८९४ मध्ये प्रमाण विचलनासाठी हे अक्षर वापरलं. समजा, लेथवर २० मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट निघताहेत. मायक्रोमीटर लावून बघा, एकही बरोब्बर २० भरणार नाही. कुठं थोडा जास्त, कुठं थोडा कमी. ही मापं सरासरीपासून साधारण किती भरकटतात, ते सिग्मा सांगतो. समजा तो ०.०१ मिलिमीटर आहे आणि गिऱ्हाईक १९.९७ ते २०.०३ एवढीच मुभा देतंय. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन सिग्मा. ऐकायला झकास! पण अशाने दहा लाखांत सुमारे २,७०० नग रिजेक्ट होतात.

मोटोरोलातले इंजिनिअर बिल स्मिथ यांनी १९८६ च्या सुमारास तीनऐवजी सहाचा आग्रह धरला. तोच ‘सिक्स सिग्मा’. पुढे जनरल इलेक्ट्रिकने तो उचलला आणि कराटेसारखे ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट हे किताब मिरवणारे लोक कंपन्याकंपन्यांत दिसू लागले. त्यांचा लाडका आकडा म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका. पण गणित मांडून बघा, खरोखरचे सहा सिग्मा असतील तर अब्जात जेमतेम दोन चुका निघतात. मग ३.४ आले कुठून? टूल झिजतं, सेटिंग सरकतं, म्हणून दीड सिग्मा आधीच वजा धरलेला असतो. उरतात साडेचार. टूल झिजतं हे कुठलाही ऑपरेटर सांगेल, पण ते नेमकं दीडच का, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही. कित्येक संख्याशास्त्रज्ञही त्यावर नाराजच आहेत.

आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांनाही हा शिक्का चिकटला. १९९८ साली फोर्ब्सच्या अंकात त्यांच्या अचूकपणावर लेख आला. पुढे तोंडोतोंडी त्याचं ‘सिक्स सिग्मा प्रमाणपत्र’ झालं. फोर्ब्सने असं प्रमाणपत्र दिलेलंच नव्हतं. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या खुणांवर ज्यांचं काम चालतं, त्यांना त्या कागदाची गरजही नव्हती म्हणा!

भौतिकशास्त्रात मात्र पाच सिग्माची वेस आहे. ४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याची घोषणा झाली, ती वेस ओलांडूनच. पाच सिग्मा म्हणजे, हा कण मुळात नसताना निव्वळ योगायोगाने आकड्यांच्या आलेखात असा उंचवटा दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक.

निव्वळ योगायोगाने, हे शब्द धरून ठेवा. कारण आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०११ मध्ये, ऑपेरा नावाच्या प्रयोगाने सगळ्यांची झोप उडवली होती. सर्नहून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशाच्याही ६० नॅनोसेकंद आधी पोचले म्हणे! प्रकाशाहून वेगवान काहीच नाही म्हणणारा आईनस्टाईन खोटा पडणार की काय? आणि या निकालाची पत होती तब्बल सहा सिग्मा, म्हणजे हिग्जपेक्षाही सरस. योगायोगाला त्यांनी खरंच जागा ठेवली नव्हती. पण काही महिन्यांनी सापडली ती घड्याळाच्या यंत्रणेतली, नीट न बसवलेली एक फायबर ऑप्टिकची केबल. ती घट्ट बसवल्यावर न्यूट्रिनो आपले गुमान प्रकाशाच्या वेगाने येऊ लागले. प्रयोगाच्या प्रमुखांनी मार्च २०१२ मध्ये राजीनामा दिला.