दोन्ही गोल राखणारा संघ

नमस्कार श्रोतेहो.

मुलांच्या फुटबॉल स्पर्धा आणि खिलाडूवृत्ती, हा आजचा विषय. सामना संपल्यावर हात मिळवा, पंचाशी वाद घालू नका, हार पचवा, हे सगळं तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. ते मी बाजूला ठेवतो. मी बोलणार आहे एका कागदाबद्दल. स्पर्धेआधी प्रत्येक संघाच्या हातात पडतो तो नियमांचा कागद. मुलं मैदानात कशी वागणार ते बरंचसं त्या कागदावर ठरतं. लक्षात ठेवा, नियमांचा कागद.

आता गोष्ट. ही मी इतक्यांदा सांगितली आहे की घरचे उठून आत जातात. तुम्ही बसा.

27 जानेवारी 1994. कॅरिबियन चषकाची पात्रता फेरी. बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा, गटातला शेवटचा सामना. हिशेब नीट ऐका, सगळी गंमत त्यात आहे. पुढच्या फेरीत जायचं तर बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. दोन गोलांच्या. एकाच गोलाने जिंकले तर ग्रेनाडा पुढे.

आणि कागदावर एक कलम होतं. साखळीतला सामनासुद्धा बरोबरीत सोडायचा नाही. बरोबरी झाली तर जादा वेळ. जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ तिथेच खलास, आणि तो एक गोल दोन म्हणून मोजायचा. लिहिणाऱ्याला त्या दिवशी फार छान सुचल्यासारखं वाटलं असणार.

सामना सुरू झाला. बार्बाडोसने दोन गोल चढवले. दोन-शून्य, सगळं मनासारखं. 83व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक फेडला. दोन-एक. म्हणजे बार्बाडोस जिंकतंय, आणि जिंकता जिंकता स्पर्धेबाहेर पडतंय. अजून एक गोल हवा, आणि तो काही होईना.

सामना संपायला तीनेक मिनिटं उरली आणि बार्बाडोसच्या मंडळींना ते कलम आठवलं. एक बचावपटू आणि त्यांचा गोलकीपर एकमेकांना चेंडू देऊ लागले. याने त्याला दिला, त्याने याला दिला. आणि मग त्या बचावपटूने वळून चेंडू मारला तो थेट स्वतःच्याच जाळ्यात! दोन-दोन. बरोबरी. बरोबरी म्हणजे जादा वेळ, आणि जादा वेळेतला गोल दोनाचा. बसला की नाही हिशेब?

ग्रेनाडावाल्यांना आधी कळेना काय झालं. मग कळलं, आणि तेही निघाले स्वतःच्या गोलकडे. का? स्वतःवर एक गोल करून घेतला तर ते तीन-दोनने हरतात, म्हणजे एकाच गोलाने, आणि पुढे जातात. बार्बाडोसवर केला तर जिंकतात आणि पुढे जातात. चेंडू कुठल्याही जाळ्यात गेला तरी त्यांचं काम झालं. मग बार्बाडोसने काय करावं? काही खेळाडू आपल्या गोलसमोर, काही ग्रेनाडाच्या गोलसमोर. ग्रेनाडाचा गोल ग्रेनाडापासून वाचवायला! शेवटची मिनिटं एकच संघ दोन्ही गोल राखतोय. पुन्हा सांगतो, दोन्ही. आणि पंचाने शिट्टी वाजवायची कशाबद्दल? नियम तर कोणीच मोडत नव्हतं.

जादा वेळेत बार्बाडोसने गोल केला, निकाल लागला चार-दोन, आणि ते पुढे गेले. शिक्षा कोणालाच झाली नाही. ग्रेनाडाचे प्रशिक्षक म्हणाले, की हे नियम ज्याच्या डोक्यातून आले त्याची जागा वेड्यांच्या इस्पितळात आहे. मी त्या प्रशिक्षकांच्या बाजूचा.

ही मोठी माणसं होती, देशाकडून खेळणारी. मुलं काय वेगळं करणार? मी बरीच वर्षं लहान मुलांच्या सामन्यांना पंच होतो. बारा वर्षांखालच्या एका सामन्यात नऊ-शून्य झालं होतं. समोरचा गोलकीपर हातमोज्यांनी डोळे पुसत होता, आणि जिंकणारी मुलं स्वतः जाळ्यातून चेंडू काढून मध्यावर पळत नेत होती. वेळ वाचवायला! किती निर्दय मुलं, असं कोणीतरी म्हणालं. निर्दय कसली? गटात दोन संघांचे गुण सारखे झाले तर गोलफरक बघणार, असं कागदावर होतं, आणि फरकाला मर्यादा नव्हती. पाच गोलांच्या पुढचा फरक मोजणार नाही, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर तो पोरगा रडला नसता. कमी रडला असता.

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी लावा, हेही त्यातलंच. 1982च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला आधीच ठाऊक होतं, की जर्मनी एक-शून्यने जिंकली तर दोघंही पुढे. गोल लवकर झाला, आणि उरलेला वेळ नुसती चेंडूची देवाणघेवाण. एक दिवस आधी खेळून बसलेला अल्जीरिया घरी गेला. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले.

वयचोरीबद्दल एवढंच सांगतो, की जन्मतारीख मुलं बदलत नाहीत. 1988 मध्ये मेक्सिकोने वीस वर्षांखालच्या संघात जास्त वयाचे खेळाडू खेळवले, आणि त्यापायी 1990च्या विश्वचषकाला देशाचा मुख्य संघच मुकला. कागदपत्रं कोणी केली होती? मोठ्यांनी.

आणि जाता जाता, विषय सोडून. चषक तो घेणाऱ्या मुलाच्या कमरेहून उंच नसावा, हे माझं ठाम मत आहे. बक्षीस समारंभ अंतिम सामन्याहून लांबू नये, हे दुसरं. असो.

तर कागद. आमच्या समितीने एकदा ठरवलं, प्रत्येक गोलमागे एक जादा गुण द्यायचा. मुलं चढाई करून खेळतील, बघायला मजा येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काय वाटलं कोण जाणे, मी तो कागद अकरा वर्षांच्या एका मुलीला दिला. म्हटलं, यात लबाडी कशी करशील, सांग. तिने तो गुडघ्यावर ठेवून वाचला, बोट ठेवून ठेवून.

"सर, आम्ही आणि समोरच्या मिळून पाच-पाच गोल करू. दोघींना पाच-पाच गुण. तिसरा संघ बाहेर."

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत तिला. मी पेन काढून ते कलम खोडलं आणि कागद घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"थांबा ना सर, अजून दोन सापडलीत."