फायटरच्या टँकमध्ये काय ठेवावं, काय नको

(दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर निळा-लाल नर, संथ गतीत वळतो.)

हाफमून प्रकारचा नर बेटा. आपल्या ओळखीचा फायटर मासा. शेपटी पूर्ण उघडली की १८० अंश, नेमकं अर्धवर्तुळ. आता फक्त कडेकडे बघा. परातल्या, म्हणजे माशाच्या पंखातल्या, बारीक काड्या टोकाकडे दुभंगत जातात आणि दोन काड्यांमधला पडदा इतका पातळ आहे की मागचा दिवा त्यातून आरपार दिसतो.

(दृश्य : आखूड परांचा मासा पानांमधून झपकन निघून जातो.)

याचे पूर्वज असे नव्हते. थायलंडमधल्या दलदलीत, भातखाचरांच्या उथळ, संथ पाण्यात राहणारा मूळ बेटा आखूड परांचा, मळकट रंगाचा आणि चपळ. चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये त्याला ‘बेटा स्प्लेन्डेन्स’ हे शास्त्रीय नाव दिलं. २०१९ मध्ये थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. लांब झुलते पर मात्र माणसाच्या हौसेचे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ते वाढवले गेले. एवढी शेपटी आपणच त्याच्या मागे लावली, तर ती कशाला अडकणार नाही हे बघण्याचं कामही आपलंच नको का?

(दृश्य : टेबलावर प्लॅस्टिकचं रोप, शेजारी नायलॉनचा तलम पायमोजा.)

ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. असा एक जुना, तलम पायमोजा पुरतो. तो हातावर चढवायचा आणि टँकमध्ये जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवरून फिरवायचा. हलक्या हातानं, पण सगळीकडून. पानाच्या टोकावरून, पान देठाला जुळतं त्या बेचक्यातून, खालच्या बैठकीच्या कडेवरून. हे बघा, अडकला. आणखी जवळून पाहू. साच्यातून काढताना राहिलेली प्लॅस्टिकची ही धार बोटाला जाणवतसुद्धा नाही. नायलॉनचा धागा मात्र तिनं ओढून काढला. पायमोज्याचा धागा निघाला, तर परही फाटणार असं धरून चाला. फाटलेल्या जागी जिवाणू शिरून पर सडू लागतात. वेळीच लक्ष गेलं आणि पाणी स्वच्छ ठेवलं, तर बहुतेकदा ते पुन्हा वाढतात.

(दृश्य : कापडी रोप पाण्यात डोलतं.)

कापडी रोपं यात बरीच उजवी. पाण्यात गेली की पानं मऊ पडतात. तरी देठ वाकवून बघा, काहींच्या आत तार असते. ती टोकाशी उघडी पडली असेल तर रोप बाद. रोपाच्या बुंध्याला वजनासाठी धातूची पट्टी गुंडाळलेली असेल तर तीही सोडवून ठेवा. तांबं किंवा जस्ताचा मुलामा असलेली कुठलीच वस्तू या पाण्यात नको.

(दृश्य : दगडावर ड्रॉपरनं व्हिनेगर पडतं. मोठ्या भिंगातून.)

आता दगड. हा आमचा लाडका शॉट. दगड घासून, धुऊन पूर्ण कोरडा केलाय. एका जागी खिळ्यानं ओरखडा काढलाय, म्हणजे वरची धूळ आणि शेवाळ आड येणार नाही. त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब. थांबा, लगेच काही दिसत नाही. व्हिनेगर सौम्य आम्ल आहे, त्याला जरा वेळ द्यावा लागतो. हा बघा पहिला बुडबुडा. मग दुसरा, आणि आता कडेनं बारीक फेस. या दगडात चुना आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात तो हळूहळू विरघळत राहतो, पाण्याचा जडपणा वाढवतो आणि पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा, वर ढकलतो. बेटाला साधारण साडेसहा ते साडेसात पीएचचं पाणी मानवतं. म्हणून फेसाळणारा दगड बाजूला. शंख, शिंपले आणि पोवळ्याचे तुकडेही त्याच ढिगात. समुद्राची आठवण म्हणून ते कपाटात छान दिसतील.

एक सूचना इथेच. दगड निर्जंतुक करायला उकळू नका. आत अडकलेलं पाणी तापून दगड तडकू शकतो, कधी फुटून उडतोही. गरम पाणी आणि ब्रश एवढं पुरे. साबण कशालाच लावायचा नाही.

(दृश्य : मोठ्या पातेल्यात लाकूड उकळतंय. भिंगावर वाफ.)

लाकूड मात्र खुशाल उकळा. हा ड्रिफ्टवूडचा, म्हणजे पाण्यात वाहून आलेल्या लाकडाचा, तुकडा सुरुवातीला पाण्यावर तरंगत होता. उकळल्यानं त्यात पाणी मुरतं, तो जड होतो आणि तळाशी बसतो. वाफेमुळे चित्र धूसर दिसतंय, पण पाण्याचा रंग बघा, कोऱ्या चहासारखा. हे टॅनिन, लाकडातून उतरणारं तुरट द्रव्य. पाणी बदलून पुन्हा उकळलं की रंग फिकट होत जातो. नंतर टँकमध्ये थोडा उतरलाच तर घाबरायचं कारण नाही. टॅनिनमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि बेटाला ते चालतं. हौशी मंडळी तर मुद्दाम देशी बदामाची वाळकी पानं टाकतात, ती याचसाठी. लाकडाची टोकं पॉलिशपेपरनं घासून घ्या आणि पुन्हा तोच पायमोजा फिरवा. ताजं तोडलेलं किंवा राळ पाझरणारं लाकूड घेऊ नका.

(दृश्य : किल्ल्याच्या दारातून आत शिरणारा छोटा कॅमेरा.)

दुकानात सगळ्यात आधी नजर जाते ती याच्यावर. किल्ला, बुरूज, खिडक्या. बाहेरून रंगीत, आतून पोकळ. कॅमेरा आत गेला की दिसतं, दार रुंद आहे पण वर बुरूज चिंचोळा होत जातो आणि खिडकी जेमतेम माशाच्या डोक्याएवढी. बेटा चौकस असतो, भोकात तोंड घालतो. पुढे जाताना अंगाशी मिटलेले पर आणि कल्ल्यांची झाकणं मागे सरताना उघडतात, कडेला अडतात. आणि बेटाला फक्त कल्ल्यांवर भागत नाही. त्याला लॅबिरिंथ नावाचं इंद्रिय असतं, पृष्ठभागावर येऊन तो हवेतला श्वास घेतो. आत अडकला तर गुदमरून मरतो.

म्हणून भोक असावं तर मासा आरामात वळेल एवढं, नाहीतर त्याचं नाकही जाणार नाही एवढं बारीक. मातीच्या कुंडीची गुहा करायची असेल तर तळाचं भोक आधी बुजवा. रंगवलेली वस्तू गरम पाण्यात भिजवून नखानं खरवडा. नखाखाली रंग आला तर पाण्यातही येईल. काचेच्या गोट्या तळाशी चमकतात खऱ्या, पण त्यांच्या फटीत खाणं पडतं, कुजतं आणि पाण्यात अमोनिया वाढतो. त्यापेक्षा बारीक वाळू बरी.

(दृश्य : अनुबियासचं रोप लाकडाला दोऱ्यानं बांधणारे हात.)

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती जिवंत रोपं. हे अनुबियास. पानं जाड, गुळगुळीत, मंद उजेडात टिकणारी. याचं आडवं, हिरवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं तर सडतं. दोरा दोन वेळा गुंडाळा, फार आवळू नका. मुळं लाकडाला धरली की दोरा काढला तरी चालतो. जावा फर्नचंही असंच. बेटाला पृष्ठभागाच्या जरा खाली रुंद पानावर टेकून बसायला आवडतं, म्हणून एक पान त्या उंचीवर येईल असं लाकूड ठेवायचं. श्वासासाठी वर यायचं अंतरही मग थोडंच राहतं.

(दृश्य : वरून, साल्व्हिनियाची पानं आणि त्यांच्यामध्ये बुडबुड्यांचं घरटं.)

तरंगती साल्व्हिनिया ऊन-दिव्याचा प्रखरपणा कमी करते, आणि हे बुडबुड्यांचं घरटं नर बहुधा अशाच पानांच्या आडोशाला बांधतो. फिल्टरचा जोराचा झोत ते मोडतो, म्हणून इथे संथ चालणारा स्पंज फिल्टर आहे. झाकण हवंच, बेटा चांगली उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेची जागा सोडा.

साल्व्हिनिया झपाट्यानं पसरते. पाण्याचा निम्मा पृष्ठभाग तरी उघडा राहील अशा बेतानं ती मधूनमधून मूठभर काढून टाकावी लागते. काढलेली वनस्पती गटारात, तळ्यात, नदीत सोडू नका. तिच्या काही जाती अनेक देशांत जलाशय गिळणाऱ्या तण ठरल्या आहेत. उन्हात कडक वाळवा आणि कुंडीतल्या मातीत मिसळा.