गुठळी मोडली तरच

अंगणात चार-पाच उन्हाळे काढलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून हात फिरवून पाहा. तळव्याला खडूसारखी पूड लागते. उन्हाने वरचा थर तुटतो, आणि त्यात बसवलेला चुनखडीचा फिलर (भर म्हणून घातलेली पूड) व पांढरा रंग मोकळा होतो. तीच ही पूड. हा पांढरा रंग म्हणजे टिटॅनियम डायॉक्साइड. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडतं, अशाच खनिजापासून तो बनवतात. असे ऑक्साइडचे अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, कण प्लास्टिकमध्ये मिसळले तर काय साधतं आणि काय बिघडतं, ते पाहू.

रंग म्हणून वापरतात तेव्हा त्याचा कण २०० ते ३०० नॅनोमीटरचा असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एवढा कण दिसणारा प्रकाश सगळीकडे उधळतो, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. तोच कण २०-३० नॅनोमीटरवर आणला की ही उधळण जवळजवळ थांबते आणि तो घातलेली प्लास्टिकची पातळ फिल्म आरपार दिसू लागते. अतिनील किरण मात्र कणात शोषलेच जातात, कारण ते काम कणातल्या इलेक्ट्रॉनांचं आहे. झिंक ऑक्साइड हा असाच दुसरा पांढरा ऑक्साइड; त्यात इलेक्ट्रॉनला वर उचलायला सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. म्हणजे साधारण ३७५ नॅनोमीटरखालचा प्रकाश तिथेच अडतो.

मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसवर असते ती फिल्म साधारण २०० मायक्रॉनची (हजार नॅनोमीटरचा एक मायक्रॉन). उजेड आत यायला हवा, फिल्म मात्र फाटायला नको. आज त्यासाठी बहुतेक सेंद्रिय स्टॅबिलायझर, म्हणजे प्लास्टिकला उन्हापासून जपणारी कार्बनी रसायनं, घालतात. पिकावरच्या भुरी या बुरशीरोगावर गंधक मारलं की त्यांतल्या काहींचा जोर कमी होतो, आणि काही रेणू हळूहळू फिल्मच्या पृष्ठभागाकडे सरकून निघून जातात. ऑक्साइडचा कण असा सरकत नाही. मला या कणांचं आकर्षण वाटतं ते इथूनच.

एक हिशेब मांडू. पॉलिथिनमध्ये वजनाने १ टक्का झिंक ऑक्साइड घातलं, तर घनफळात ते टक्क्याचा जेमतेम सहावा हिस्सा भरतं. पण कण २० नॅनोमीटरचे असतील तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५० चौरस मीटरच्या पुढे जातो, आणि नीट पसरले तर साधारण दर १३५ नॅनोमीटरला एक कण येतो. कणाला चिकटून असलेल्या प्लास्टिकच्या साखळ्या मोकळ्या साखळ्यांसारख्या हलत नाहीत. गुण बदलतात ते या सीमेवर. उच्च दाबाच्या डीसी केबलसाठी पॉलिथिनमध्ये थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड घालून पाहतात, तेही यासाठीच: इन्सुलेशनमध्ये साचणारा विद्युतभार त्याने कमी होतो.

अडचण आहे ती ‘नीट पसरले तर’ या तीन शब्दांत. पिठल्यात पीठ एकदम टाकलं की गुठळ्या होतात, वरून ओलं आणि आत कोरडं पीठ. ऑक्साइडच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं, पॉलिथिन तेलकट; कण एकमेकांनाच धरून बसतात. मग त्यांच्यावर सिलेन या रसायनाचा थर चढवतात. या रेणूचं एक टोक ऑक्साइडला धरतं, दुसरं प्लास्टिकशी जुळतं. त्यानंतर ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे दोन फिरत्या स्क्रूंच्या यंत्रात, वितळलेल्या प्लास्टिकबरोबर ते मळून घेतात. एवढं करूनही गुठळी उरली, तर प्लास्टिकला तडा तिथूनच जातो. कागदावर नॅनो लिहिलेला माल मायक्रॉनच्या गुठळ्यांचा निघू शकतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र पाहिल्याशिवाय मी कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

आता पुन्हा खुर्चीकडे. टिटॅनियम डायॉक्साइड ऊन अडवतो, तसाच प्लास्टिक तोडतोही. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी त्याच्या मदतीने प्रकाशात पाण्याचं विघटन दाखवलं. तोच गुण इथे उलटतो: उचललेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली पोकळी, हवेतला ऑक्सिजन व ओलावा यांतून आक्रमक मूलकं (चटकन रासायनिक क्रिया करणारे रेणूंचे तुकडे) तयार होतात आणि शेजारची साखळी तोडतात. अनाटेझ या स्फटिकरूपात हे जास्त घडतं, रुटाइलमध्ये कमी. म्हणून बाहेर उन्हात राहणाऱ्या मालासाठी रुटाइल घेतात, आणि त्यावर ॲल्युमिना किंवा सिलिकाचा पातळ लेप देतात. कण नॅनो झाला की पृष्ठभाग वाढतो, तसा हा धोकाही वाढतो, आणि नेमका या लेपाचा खर्च टाळण्याचा मोह महाग पडतो.

कारखान्यात कोरडी पोती फोडणाऱ्या कामगाराचा विचारही इथेच करायला हवा. टिटॅनियम डायॉक्साइडची धूळ श्वासावाटे गेल्यास मानवात कर्करोगाची शक्यता आहे, असं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये केलं. प्लास्टिकमध्ये घट्ट बसलेल्या कणाची गोष्ट वेगळी. म्हणून भुकटी घेण्याऐवजी मास्टरबॅचचा, म्हणजे आधीच प्लास्टिकमध्ये दाट मिसळून ठेवलेल्या कणांचा, दाणा घ्या. त्यात गुठळ्या आधीच मोडलेल्या असतात, आणि पोतं फोडताना धूळ फार उडत नाही.