तपकिरी कव्हरवरचे पाच जण

(दृश्य: रेकॉर्डचं कव्हर, जवळून)

दाढीमिशा, जुन्या वळणाचे कपडे. फोटो विसाव्या शतकातला वाटतच नाही, पण अल्बम 1969 चा आहे. बँडचं नाव 'द बँड', अल्बमचंही तेच. चौघे कॅनडाचे, एकटा ड्रमर लेव्हन हेल्म अमेरिकेच्या दक्षिणेतला, आर्कान्सॉचा. बाकीचे रॉकवाले आवाज वाढवण्याच्या मागे असताना या मंडळींनी हॉलिवूडच्या टेकडीवर एक बंगला भाड्याने घेतला आणि स्विमिंग पूलशेजारच्या खोलीत वाद्यं मांडली. बहुतेक गाणी तिथलीच.

(दृश्य: सुई दुसऱ्या गाण्यावर टेकते)

'रॅग मामा रॅग'. अल्बमचा जीव इथे आहे, असं माझं मत. ऐका, ड्रमवर हेल्म नाही. तो मँडोलिन वाजवत गातोय. ड्रमवर बसलाय पियानोवाला रिचर्ड मॅन्युएल. पियानोवर ऑर्गनवाला गार्थ हडसन. बेसवाल्या रिक डँकोच्या हातात फिडल, म्हणजे व्हायोलिन. मग बेस कुणाकडे? कुणाकडेच नाही! खालचे सूर अल्बमचा निर्माता जॉन सायमन ट्यूबावर, म्हणजे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यावर, सांभाळतोय. मॅन्युएलचा हात सफाईदार नाही, ठेका जरासा लडबडतो, आणि गाणं त्यावरच डुलतं.

(दृश्य: पायाखालचं वा-वा पेडल)

'अप ऑन क्रिपल क्रीक'मध्ये मोरचंगासारखं जे ट्वांग-ट्वांग वाजतं, ते मोरचंग नव्हे. हडसनने क्लॅव्हिनेटचा, म्हणजे एका इलेक्ट्रिक कीबोर्डचा, आवाज या पेडलमधून काढलाय; पाय हलवला की सूर 'वा-वा' करतो. आणि गळे? हेल्म, डँको, मॅन्युएल. भजनात जसा एक जण ओळ सोडतो आणि दुसरा मध्येच उचलतो, तसं यांचं गाणं. कुणी कुणासाठी थांबत नाही.

(दृश्य: रेकॉर्डवरचं लेबल, कंसातली नावं)

आता ही नावं वाचा, गाणी लिहिणाऱ्यांची. बाराही गाण्यांवर गिटारवाला रॉबी रॉबर्टसन. मॅन्युएल तीन गाण्यांवर, हेल्म एकावर, तेही जोडीने. डँको नाही. हडसन नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या पराभवावरचं याच अल्बममधलं 'ओल्ड डिक्सी' लिहिताना इतिहास-भूगोल समजावा म्हणून आपण रॉबर्टसनला लायब्ररीत नेलं होतं, असं हेल्मने आठवणींत लिहिलंय. लायब्ररीची वाट दाखवणाऱ्याचं नाव लेबलवर येत नाही, हे खरं. पण तो ट्यूबा, ते पेडल, तो लडबडता ठेका वजा करा आणि मग सांगा काय उरतं.

पुढे यावरूनच हेल्म आणि रॉबर्टसन यांचं बिनसलं, ते अनेक वर्षं. आज पाचांपैकी कुणी हयात नाही.

(दृश्य: दुसरी बाजू, शेवटचं गाणं)

'किंग हार्वेस्ट'. पाऊस नाही, कोठार जळालेलं, घोडा पिसाळलेला, आणि हा शेतकरी युनियनच्या भरवशावर उभा. मॅन्युएल ओरडत नाही, विनवणी केल्यासारखा गातो. अखेरीस रॉबर्टसनची गिटार, मोजक्या, चिमटे काढणाऱ्या सुरांची. लोक 'ओल्ड डिक्सी'ला डोक्यावर घेतात. घेऊ देत. मला विचाराल तर तो मान या गाण्याचा, आणि इथे गिटारवाल्यालाही पूर्ण मार्क.